विजयाची बाटली आणि बाबांचे पाय

गेल्या महिन्यात आत्या सदाशिव पेठेतून आमच्याकडे कोथरूडला आली, तेव्हा तिने पिशवीतून एक छोटी बाटली काढून देवासमोर ठेवली. बाटलीवर ‘विजया’ असे लिहिले होते, म्हणजे महाशिवरात्रीला जी भांग घोटतात तिचाच अर्क. बाबांना मोटर न्यूरॉन आजार, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होण्याचा आजार, होऊन तीन वर्षे होत आली, आणि भावासाठी काहीतरी करावे या तळमळीने तिने ती आणली होती. म्हणून ‘नको’ न म्हणता ‘आधी वाचते, मग डॉक्टरांना विचारते’ एवढेच मी म्हणाले. जे वाचले ते इथे लिहीत आहे, कारण अशी बाटली आणखी कितीतरी घरांत पोहोचत असणार.

पहिली गोष्ट या आजारात येणाऱ्या स्नायूंच्या ताठरपणाची. आमचे फिजिओथेरपिस्ट बाबांचा पाय गुडघ्यातून झटकन वाकवतात आणि हाताला किती अडकल्यासारखे वाटते त्यावरून शून्य ते चार असा अंक देतात. या मोजपट्टीला ॲशवर्थ म्हणतात. इटलीतील चार केंद्रांनी याच मोजपट्टीवर एक चाचणी घेतली, जी 2019 मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या अंकात आली. तोंडात मारायच्या एका फवाऱ्यात टीएचसी (नशा आणणारा) आणि सीबीडी (नशा न आणणारा) हे भांगेतील दोन घटक ठरावीक प्रमाणात, म्हणजे प्रत्येक फवाऱ्याला 2.7 आणि 2.5 मिलिग्रॅम, असतात. सुमारे 60 रुग्णांपैकी निम्म्यांना हा फवारा आणि निम्म्यांना तसाच दिसणारा, पण औषध नसलेला फवारा सहा आठवडे दिला, आणि कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यांनाही नव्हते. औषध घेणाऱ्यांचा ताठरपणा सरासरी 0.11 ने उतरला, तर दुसऱ्या गटाचा 0.16 ने चढला. फरक खरा आहे, पण चारच्या मोजपट्टीवर तो किती लहान आहे हे विसरून चालणार नाही. तरीही रात्री कुशीवर वळवताना काठीसारखे झालेले पाय ज्याने हाताळले आहेत, त्याला एवढ्या फरकाचीही किंमत कळते.

पोटरीत गोळे येण्याच्या बाबतीत मात्र 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस चाचणीने निराशाच केली. त्यात 27 जणांनी दोन आठवडे रोज दोनदा 5 मिलिग्रॅम टीएचसी आणि दोन आठवडे औषध नसलेला पर्याय घेतला, आणि गोळे येण्याच्या तीव्रतेत काहीच फरक पडला नाही. झोप आणि भूक यांतही नाही.

भूक, नैराश्य, वेदना, लाळ गळणे यांत थोडा आराम पडतो असे सांगणारे रुग्ण आहेत. 2004 च्या एका पाहणीत उत्तरे देणाऱ्या 131 जणांपैकी 13 जणांनी भांग वापरली होती आणि त्यांचे म्हणणे साधारण असेच होते. पण 13 जणांच्या सांगण्याला मी पुरावा म्हणणार नाही, त्याला फार तर पुढच्या चाचणीचे निमित्त म्हणेन. लाळेबद्दल तर मला धास्तीच वाटते, कारण तोंड कोरडे पडले की कफ घट्ट होतो आणि ज्याला जोर लावून खोकता येत नाही त्याला तो बाहेर काढता येत नाही.

आजारच मंदावेल, ही आत्याची खरी आशा होती. उंदरांवरच्या प्रयोगांत तसे दिसले आहे, पण मिनोसायक्लिन हे औषधही उंदरांत चांगले ठरले होते आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चारशेहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत ते घेणाऱ्यांचा आजार उलट अधिक वेगाने वाढला. तिला हे सांगताना माझाच आवाज अडखळला.

राहता राहिली ती बाटली. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यातील व्याख्येत गांजा आणि चरस येतात, नुसती पाने येत नाहीत, म्हणून पानांचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून मिळू शकतो. पण आत्याच्या बाटलीवर अर्काचे वजन होते, टीएचसी किती आणि सीबीडी किती हे नव्हते. इटलीतील निष्कर्ष या बाटलीला लावायचा तरी कसा? शिवाय आजार थोडा मंदावण्यासाठी बाबा घेतात ते रिल्युझोल आणि सीबीडी ही दोन्ही यकृताची एन्झाइम्स वाढवू शकतात, म्हणजे यकृताला त्रास होऊ शकतो, आणि टीएचसीने गुंगी येते, जी ताठरपणासाठी बाबा घेतात त्या बॅक्लोफेनच्या गुंगीत भर घालते.

बाटली घेऊनच आम्ही न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी लेबल वाचले, बाजूला ठेवले आणि बाबांनाच विचारले, “काका, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?” आईने अक्षरांचा फळा धरला. बाबांची नजर आधी ‘प’वर थांबली, मग काना, मग ‘य’. डॉक्टरांनी रात्रीचे बॅक्लोफेन थोडे वाढवले, पण जपून, कारण बाबा आधाराने उभे राहतात ते काही अंशी त्या ताठरपणाच्याच जोरावर. दोन आठवड्यांनी ॲशवर्थचा अंक पुन्हा घ्यायचा आहे. तोवर बाटली कपाटात आहे, आणि आत्या रोज संध्याकाळी फोन करून पाय कसे आहेत ते विचारते.