जॅकवरची गाडी

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात. लेथच्या आवाजात वाढलेलं पोरगं रेसिंगच्या नादाला लागलं तर आमच्या गावात कुणी भुवई उंचावत नाही. मी मात्र क्लचच्या सॉफ्टवेअरच्या नादाला लागलो, तेही इंग्लंडात. सिंगल सीटर गाड्यांची छोटी टीम होती. क्लच आणि अँटी-स्टॉलचं कॅलिब्रेशन माझ्याकडे.

या गाड्यांत पायाखाली क्लच नसतो, स्टिअरिंगमागे पॅडल असतं. गाडी गरकन फिरली आणि ड्रायव्हरचा हात पॅडलपर्यंत पोचला नाही, तर इंजिन बंद पडायला येतं. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, ठरलेल्या आकड्याखाली गेले की कॉम्प्युटर स्वतःच हायड्रॉलिक प्रेशर देऊन क्लच उघडतो, म्हणजे इंजिन चाकांपासून सुटं करतो. हा झाला अँटी-स्टॉल. शर्यत वाचते. पण गाडी भिंतीवर आदळल्यावरही इंजिन असंच घुरघुरत राहिलं तर? म्हणून फॉर्म्युला वनच्या नियमांत अँटी-स्टॉल सुरू झाल्यापासून दहा सेकंदांत इंजिन बंद करण्याची अट आली. त्यातून दुसरी अडचण. इंजिन थांबलं की पंप थांबतो, प्रेशर उतरतं आणि स्प्रिंग क्लच मिटवते. गाडी गियरमध्ये अडकते, ट्रॅकवरच्या मार्शलनी कितीही ढकलली तरी हलत नाही. त्यावर उपाय म्हणजे कॉकपिटपुढचं लाल ‘एन’ लिहिलेलं बटण. ते बाकी सगळं बंद पडलं तरी निदान पंधरा मिनिटं क्लच उघडा धरतं.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. त्यामुळेच त्या दिवशी मी निर्धास्त होतो.

नोव्हेंबरची सकाळ, जुन्या विमानतळाची धावपट्टी, पिट स्टॉपचा, म्हणजे शर्यतीत थांबून झटपट चाकं बदलण्याचा, सराव. आदल्या रात्री कार्बन प्लेटांचा नवा क्लच बसवला होता आणि त्याचा बाइट पॉइंट, म्हणजे प्लेटा एकमेकींना धरू लागतात ती जागा, मी तो थंड असतानाच सॉफ्टवेअरला शिकवला होता. आठ-दहा स्टॉप झाले. प्लेटा तापल्या, फुगल्या, आणि पॅडल पूर्ण ओढलेलं असूनही एकमेकींना घासू लागल्या. मला त्याचा पत्ता नाही. माझ्या लॅपटॉपवर सगळं हिरवंगार.

पुढच्या स्टॉपला गाडी जॅकवर चढली, पहिला गियर पडला. डावीकडच्या मागच्या चाकावरचा माणूस गुडघ्यावर बसलेला. जुनं चाक निघालं. मागे उरला चाक बसतं तो नुसता हब, त्याला वजन ते किती! जरासं घासणंही त्याला फिरवायला पुरेसं झालं. आधी रमतगमत, मग भर्रकन. नवं चाक त्यानं हबवर टेकवलं आणि ते हातातून हिसकलं गेलं. ग्लोव्ह अडकला. मला किंकाळी ऐकू आली नाही, चाकाचा नट फिरवायची गन खाली आपटल्याचा आवाज आला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. दोन बोटं मोडली होती. स्वतःच्या पायांनी अँब्युलन्सपर्यंत चालत गेला बिचारा, आणि जाता जाता मलाच विचारलं, “तुझा डेटा सेव्ह झाला ना?”

झाला होता. आरपीएम स्थिर, अँटी-स्टॉल निष्क्रिय. बरोबरच होतं म्हणा. चाकं हवेत, इंजिनावर भारच नाही, मग आरपीएम पडणार कशाला? माझी सिस्टीम इंजिनाच्या जिवाला जपत होती, आणि इंजिन मजेत होतं.

रात्री फॉर्म्युला वन ड्रायव्हर ज्यूल्स बियांकीच्या जीवघेण्या अपघाताबद्दलचा चौकशी पॅनेलचा निष्कर्ष पुन्हा वाचला. सुझुका, ५ ऑक्टोबर २०१४, पाऊस. त्यानं ब्रेक आणि थ्रॉटल दोन्ही दाबले होते. अशा वेळी इंजिन बंद पाडणारी फेलसेफ यंत्रणा गाडीत होती, पण मागच्या ब्रेकचं नियंत्रण करणाऱ्या दुसऱ्या प्रणालीनं तिला अडवलं. दोन्ही आपापल्या जागी ठीक असतील; त्यांची एकमेकींशी गाठ पडली आणि घात झाला. आमच्याकडे दोन बोटांवर भागलं एवढंच.

मला वाटलं, सोपं आहे: पुढची चाकं थांबलेली आणि मागची फिरतायत, की इग्निशन तोडायचं. मग लक्षात आलं, शर्यत सुरू होताना नेमकं हेच घडतं! दिवा विझताच आमची गाडी ग्रिडवर गपगार झाली असती. तीन दिवस डोकं फोडल्यावर अट ठरली: ड्रायव्हरनं पॅडल ओढून धरलंय, पुढची चाकं शून्यावर, तरी मागची फिरतायत, तर तोड. शिवाय बाइट पॉइंट गरम क्लचवर पुन्हा शिकवायचा.

आबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “स्टँडवरच्या गाडीला गियर टाकून माणूस बसवतात व्हय रं चाकाशी?” स्टॉपमध्ये वेळ वाचवायला टाकतात, असं म्हणालो. “किती वाचतो?”

सेकंदाचा काही हिस्सा, हे मराठीत सांगताना मला लाज वाटली.

जानेवारीत तो माणूस परत कामावर आला. पहिल्या स्टॉपआधी मी त्याला नवी अट समजावून सांगितली. त्यानं मान डोलावली, आणि गाडी जॅकवर चढल्यावर गन लावायच्या आधी टायरवर तळहात टेकवून बघितला.