बाबांच्या अटॅकची गोळी सुनेला काहून?

"हे त बाबाले अटॅक आल्यावर देल्ली तेच गोयी आहे. सिस्टर, तुमी हिले काहून देता?" आर्णीकडच्या एका खेड्यात एका नवऱ्याने पाकीट उलटसुलट करत मला विचारलं. माणूस हुशार. एरवी पाकीट फडताळात जातं आणि आम्हाला सांगतात, "खाते ना जी!"

गोळी खरंच तीच. कमी डोसची अ‍ॅस्पिरिन. त्याच्या बायकोला पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात बीपी वाढून झटके आले होते, बाळ गेलं. एकदा असं झालं की पुढच्या खेपेला धोका जास्त. जुळं असेल, बीपी किंवा शुगर आधीचीच असेल, किडनीचा आजार असेल, तरी तसंच. बाळाला पोसणारी वार रुजते ती पहिल्या चार-पाच महिन्यांत, आणि तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तेव्हाच रुंद व्हायच्या असतात. तिथं बिघडलं की प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढण्याचा हा आजार, पुढे डोकं काढतो, बहुतेकदा पाचव्या महिन्यानंतर. म्हणून तो धोका कमी करायला गोळी १२ आठवडे झाले की, जमेल तर १६ च्या आत सुरू करायची. जागतिक आरोग्य संघटना ७५ मिलिग्रॅम सांगते. २०१७ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिली, तेव्हा ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागेल असा प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटला. कोणाला द्यायची, किती, कधी थांबवायची, हे डॉक्टरच ठरवणार.

आमची खरी अडचण गोळीची नाहीच. पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही, नजर लागते. मग कापूस वेचणी लागते, मजुरी कोण बुडवणार? बाई उपकेंद्रात येते तेव्हा पोट दिसत असतं. सासूबाईंशी नजरेवरून वाद घालणं मी सोडून दिलंय. "गावाले नका सांगू, आशाताईच्या कानात सांगा," एवढंच म्हणते. हे मात्र पटतं त्यांना.

आणखी एक. ही गोळी चढलेलं बीपी उतरवत नाही. त्यासाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन अशी औषधं वेगळी. पण आधीपासून टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल, तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांकडून बदलून घ्यायची, बाळाला बाधतात ती. आपल्या मनाने नुसती बंद करून बसायचं नाही.

आणि वावरातून ओटीतला कापूस टाकून धावत आलेल्या बाईच्या दंडाला लगेच पट्टा बांधू नका हो! टेकून बसवा, पाय खाली सरळ, पाच मिनिटं बोलू नका. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आलं तर थोड्या वेळाने पुन्हा बघा, लघवीत प्रथिन जातंय का ते बघायची पट्टीही लावा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, गर्दी होते, तिथं हेच आधी राहून जातं.

गोळी घेऊनही काहींचं बीपी वाढतंच. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, छातीखाली दुखलं, तर रात्र असली तरी १०२ ला फोन लावा.