तणनाशक खाणारं रान

उसाच्या पट्ट्यात माती-पाण्याच्या तपासण्या करत बसलं की हंगामात 'तणनाशकाचं औषध बोगस निघालं' हे रोज ऐकावं लागतं. बहुतेक वेळा औषध बिचारं चांगलं असतं. फवारताना रानात ओल नसते, नाहीतर तण आधीच हातभर झालेलं असतं. कधी तक्रार लव्हाळ्याची असते, आणि ॲट्राझीन या तणनाशकाने लव्हाळा जात नाही हे दुकानात कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे वाळव्याकडचे एक तात्या ॲट्राझीनचं अर्धं पाकीट, पावती आणि मोबाईलमधले फोटो घेऊन आले तेव्हा मी नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

फोटो बघितले आणि प्रश्न थांबले. सरीत घोळ आणि तांदुळजा माजला होता. ही दोन्ही तणं ॲट्राझीनला हमखास बळी पडणारी. त्याहून विचित्र म्हणजे बांधाकडेची एक पट्टी, जिथं कधी नांगर लागला नव्हता पण त्या दिवशी फवारा उडाला होता, ती मात्र साफ होती. पंप तोच, पाणी तेच, पाकीट तेच.

"तात्या, हे औषध किती वर्षं मारताय?"

"लागणीला हेच, खोडव्याला हेच. मधी मका केला तर त्यालाबी हेच. धा-बारा वर्षं झाली असतील. आधी दोन-अडीच महिनं रान कसं आरशागत राहायचं. आता पंधरवड्यात भांगलणीला बाया लावाव्या लागत्यात."

त्यांना ग्राहक आयोगात जायचं होतं आणि त्यासाठी आमचा कागद हवा होता. मी पाकिटातला नमुना लावला, शिवाय रानातली आणि बांधावरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत मागवली. पावडर चोख निघाली, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ५० टक्के. म्हणजे दुकानदार सुटला. पण मग औषध गेलं कुठं?

मातीचे तीन भाग केले: बांधाची, रानाची, आणि रानाचीच पण दोनदा ऑटोक्लेव्ह करून निर्जंतुक केलेली. तिन्हींत सारखं ॲट्राझीन, सारखी ओल, ३० अंशांचं तापमान. आठवड्याने एचपीएलसीवर, म्हणजे औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, पाहिलं तर बांधाच्या मातीत बहुतेक औषध शाबूत. निर्जंतुक केलेल्या मातीतही तसंच. रानाच्या जिवंत मातीत शोधावं लागत होतं. तिन्ही आलेख एकावर एक ठेवल्यावर शंकेला फारशी जागा उरली नाही. औषध वाहून गेलं नव्हतं की उन्हाने विरलं नव्हतं, कुणीतरी ते खाल्लं होतं.

ते 'कुणीतरी' डोळ्यांनी दिसतं, आणि आमच्या धंद्यातल्या मोजक्या देखण्या गोष्टींपैकी ही एक आहे. ॲट्राझीन पाण्यात फार विरघळत नाही, लिटरला जेमतेम तीसेक मिलिग्रॅम. पेट्री डिश म्हणजे काचेची चपटी बशी, तिच्यातल्या अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, आम्ही लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या हिशोबाने घालतो. न विरघळलेल्या कणांमुळे सगळी डिश पातळ ताकासारखी पांढुरकी होते. त्यात नत्राचा दुसरा स्रोत ठेवायचा नाही. त्यावर मातीचं पाणी पसरायचं आणि वाट बघायची. ॲट्राझीन खाणारा जिवाणू वाढला की त्याच्या ठिपक्याभोवतीचं पांढरं नाहीसं होतं आणि काचेसारखं स्वच्छ वर्तुळ तयार होतं. तात्या यायचे होते त्या सकाळी इन्क्युबेटर उघडला. बांधाच्या मातीच्या डिशमध्ये एकही वर्तुळ नव्हतं, रानाच्या डिशमध्ये ती एकमेकांना खेटून बसली होती. मी दोन्ही डिश खिडकीशी धरून बराच वेळ उभी होते. कामाचे दिवस कंटाळवाणेच जास्त असतात, म्हणून असा एखादा दिवस लक्षात राहतो.

तात्यांसाठी मात्र मी काकडी लावून ठेवली होती. काकडीला ॲट्राझीन सोसत नाही. दोन ट्रे, एकात बांधाची माती, एकात रानाची. दोन्हींत एकाच दिवशी औषध मिसळलं, दहा दिवस मुरू दिलं, मग बी टाकलं. उगवण दोन्हींकडे सारखी झाली, कारण हे औषध बी मारत नाही, पानाचं प्रकाशसंश्लेषण बंद पाडतं. खरी पानं फुटल्यावर फरक दिसला. बांधाच्या ट्रेमध्ये पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या होत्या. रानाच्या ट्रेमधली रोपं हिरवीगार.

तात्यांनी एक रोप उपटून मुळं पाहिली, नख लावलं, पुन्हा ट्रेकडे पाहिलं. "मॅडम, ही माझी माती?"

"तुमचीच."

मग मी डिश दाखवल्या आणि जमेल तसं सांगितलं. ॲट्राझीन बाजारात आलं १९५८ साली. मातीत ते महिनोन् महिने टिकतं, हीच त्याची ख्याती. त्याचा पूर्ण फडशा पाडणारा स्युडोमोनास जातीचा जिवाणू मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ साली जाहीर केला, तोही तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीतून काढलेला. त्याचं पहिलं विकर (एन्झाइम) ॲट्राझीनवरचा क्लोरीन काढून टाकतं आणि तिथंच औषधाची तण मारायची ताकद संपते. मेलामाइनवर काम करणाऱ्या एका विकराशी ते जवळजवळ हुबेहूब जुळतं, ४७५ पैकी फक्त ९ अमिनो आम्लांचा फरक. एवढ्याशा फरकावर नवा घास पचायला लागला. ही विकरं बनवणारी जनुकं प्लाझमिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर, असतात, त्यामुळे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. पुढे जगभरच्या शेतांत ती सापडली, आणि जिथं तेच औषध वर्षानुवर्षं पडतं तिथं हमखास. अर्थात मातीतली सगळी वस्ती बदलत नाही, मूठभर जातीच वरचढ होतात. पण औषध संपवायला तेवढ्या पुरतात.

हे सगळं तात्यांना मी याच शब्दांत सांगितलं नाही. पण सार त्यांनी माझ्या आधी पकडलं.

"म्हंजे जिवाणू खताच्या, त्या पीएसबीच्या बाटल्या इकत आणून सोडायच्या, त्या टिकत न्हाईत. आन् हे फुकटात आलं आन् घर करून बसलं."

"ॲट्राझीनमध्ये नत्र असतं तात्या, त्यासाठीच खातात. तुमच्या एकरी किलोभर पावडरीत साधारण दीडशे-एकशे साठ ग्रॅम नत्र."

"मग मी तणाला खत घालत हुतो म्हणा की."

मी हसले, तेही हसले, पण भांगलणीची मजुरी गेली होती त्यांच्या खिशातून. माझ्यासाठी जी सुंदर डिश, ती त्यांच्यासाठी हंगामाचा तोटा. त्यातून गोष्ट सरळ चांगली किंवा वाईट म्हणावी अशीही नाही. भूजलात हे औषध सतत सापडत राहिलं म्हणून युरोपीय महासंघाने २००४ साली ते नाकारलं. तात्यांची विहीर उसाच्या अगदी कडेला, घरात पाणी तिचंच. रान औषध वरच्या वर फस्त करत असेल तर विहिरीकडे झिरपायला कमी उरतं. हे मी बोलले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हे माझ्या मालकिणीला सांगा, ती लई दिवस भांडतीया त्या औषधावरनं."

अहवालात मी औषधाचा नमुना प्रमाणित असल्याचं लिहिलं आणि खाली मातीबद्दल चार ओळी जोडल्या. त्या ओळी आयोगात काही कामाच्या नव्हत्या, तात्यांनीही तो नाद सोडला. दुकानदाराची थांबवलेली उधारी भागवली, असं नंतर फोनवर कळलं. आमचं ठरलं ते असं: काही वर्षं ॲट्राझीन बंद, खोडव्यात पाचट पेटवायचं नाही, सरीत आच्छादन करायचं. लागणीला वेगळ्या गटातलं औषध, तेही दरवेळी तेच नाही. मधे एखादं सोयाबीन. जिवाणू मात्र औषध बंद केल्याबरोबर जात नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं.

उठताना त्यांनी विचारलं, "पाटाच्या पाण्यानं हे शेजारच्या रानात जात्यात का?"

"पाण्याने जातात, नांगराच्या फाळाला चिकटलेल्या मातीनेही जातात."

"मग तिथली माती आधी तपासा. पुढच्या साली ते रान मी वाट्यानं करणार हाय," म्हणाले, आणि पिशव्या मागून घेतल्या.