आधी अंगण, मग कासव

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या परसात एक मोठं कासव फिरतं. आम्ही त्याला धोंडू म्हणतो. घरी येणारं प्रत्येक जण त्याला पाहून एकच विचारतं, "ताई, आम्हालाही पाळायचंय. याला खायला काय घालता आणि ठेवता कुठे?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते, पण क्रम उलटा घेते. कुठे ठेवायचं ते आधी, कारण खाल्लेलं अंगी लागेल की नाही हे कासव कुठे राहतं त्यावरच ठरतं.

त्याच्याही आधी, कोणतं कासव? पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारांकित कासव आपल्या गुजरातच्याच झुडपी रानांतलं. ते घरी ठेवणं हा गुन्हा आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्यासाठी ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. वास्तूसाठी म्हणून लोक ते पाण्याच्या परातीत ठेवतात, हे ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. ते जमिनीवरचं कासव, त्याला पोहता येत नाही. घरात कासव हवंच असेल तर पितळेचं ठेवा. कानामागे लाल पट्टा असलेली, काचेच्या भांड्यात विकायला असतात ती इवलीशी कासवं पाण्यातली. पुढचं काहीच त्यांना लागू नाही. ती वाढून वीत-सव्वावीत होतात. मग नकोशी झाली म्हणून कुठल्या तळ्यात सोडू नका, तिथल्या मूळच्या कासवांच्या अन्नावर आणि जागेवर ती आक्रमण करतात.

धोंडू सुल्काटा जातीचा, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरचा. धाकटे भावजी पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला गेले तेव्हा तो आमच्याकडे आला. अशा परदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ती करा, आणि विकणाऱ्याकडे कागद नसतील तर तिथूनच परत फिरा.

आता जागा. या जातीचा नर ८० सेंटिमीटरपर्यंत लांब आणि ५० किलोच्या वर जाऊ शकतो. टबात, गॅलरीत, जिन्याखाली तो मावत नाही. त्याला माती लागते, चरायला गवत लागतं, खोदायला जागा लागते. गुळगुळीत लादीवर त्याचे पाय फाकतात, सांधे बिघडतात. कुंपणाला जाळी लावू नका. पलीकडचं दिसलं की तो तासन् तास तिथेच ढुशा देत बसतो. आम्ही मांडीएवढ्या उंचीची विटांची भिंत घातली आणि खाली खोदून जाऊ नये म्हणून पायाही खोल घेतला. परसात कण्हेर होती, देवाला फुलं व्हायची, तरीही ती मुळासकट काढली. कण्हेर विषारी असते. रुई आणि धोतराही तसेच.

आणि ऊन. कासवाचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही. अंग उन्हाने तापलं तरच पोटातलं पचतं, आणि उन्हातल्या अतिनील किरणांमुळेच अंगात ड जीवनसत्त्व तयार होऊन कॅल्शियम हाडात आणि कवचात जातं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी निरुपयोगी, कारण काच नेमके तेच किरण अडवते. घरातच ठेवायची वेळ आली तर खास अतिनील नळी लावावी लागते आणि ती पेटत असली तरी वर्षभरात बदलावी लागते, तिचे किरण आधीच क्षीण होतात. उलट मे महिन्यात बडोद्यात पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा सावली नसेल तर हाच प्राणी भाजून मरेल. म्हणून कडुलिंबाखाली ओलसर मातीचा खड्डा केलाय, दुपारभर धोंडू त्यात असतो. थंडीत रात्री तो छपराखालच्या लाकडी खोपटात, वर उष्णता देणारा सिरॅमिक दिवा. ही जात शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे "थंडीत झोपू दे त्याला" हा सल्ला ऐकू नका. पावसाळ्यात जमीन उंच हवी. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा पाणी वाढतंय कळताच आम्ही धोंडूला पाटावर घालून ओट्यावर आणून ठेवलं होतं.

खाण्याचं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो: गवत. हरळी, शेतातलं साधं गवत, उन्हाळ्यात वाळका चारा. दिवसाच्या खाण्यात दहातले आठ घास गवताचेच असावेत. उरलेल्यात जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, थोडा शेवग्याचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. खंडेराव मार्केटच्या मागून भाजी आणताना मी त्याच्यासाठी कधी चुका-माठ घेत नाही, पालकही नाही. त्यांतलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं. देवळाबाहेर गाईसाठी रजको मिळतो, म्हणजे आपला लसूणघास, तो महिन्यातून एखाद्या वेळी मूठभर. त्यात प्रथिनं फार.

पोळी, भात, दूध, बिस्किट, कुत्र्याचं खाणं काहीही नाही. फळांचंच सांगायला जड जातं, कारण आजी-आजोबा प्रेमाने पपईची फोड घेऊन येतात आणि धोंडू ती आवडीने खातो. पण त्याच्या मोठ्या आतड्यातले जीवाणू गवताचे तंतू आंबवायला बसलेले असतात. साखर गेली की त्यांचा समतोल ढळतो, जुलाब होतात. सगळ्याच कासवांचं असं नसतं, पण गवताळ प्रदेशातल्यांचं असतंच. कॅल्शियमसाठी वेगळी पावडर शोधायला जाऊ नका. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेण, म्हणजे माकूळ माशाचं वाळलेलं हाड, मिळतो, त्याचा एक तुकडा परसात टाकून ठेवायचा. हवा तेव्हा तो स्वतः कुरतडतो आणि चोचही झिजते.

पिल्लं असतील तर एक गोष्ट फार महत्त्वाची. कवचावर उंचवटे येतात ते जास्त प्रथिनांमुळे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. २००३ साली सुल्काटाच्या पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हवेतला कोरडेपणा हेच मोठं कारण दिसलं. रानात ती बिळांत राहतात, तिथे हवा दमट असते. म्हणून पिल्लाला दमट खोपा द्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खालीच. त्या पाण्यातच बहुधा ते शी करतात. ते तुळशीला घालू नका, आणि कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, पोरांचे तर आवर्जून. पोट बिघडवणारा सालमोनेला जीवाणू त्यांच्या अंगावर सहज असतो.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडं टाकून श्वास, किंवा ऊन असूनही दोन दिवस न खाणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. कासवाला आपल्यासारखं खोकून कफ काढता येत नाही. लहान असेल तर दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. आजार चेहऱ्यावर दिसण्याआधी वजनात दिसतो. आणि कवचाला रंग लावू नका, भोक तर पाडूच नका. ते जिवंत हाड आहे, बरगड्या आणि पाठीचा कणा त्यात जोडलेला असतो, त्याला दुखतं.

शेवटचं, जे कुणी विचारत नाही. ही कासवं सत्तर वर्षंही जगतात. मी पन्नाशीत आहे, धोंडू अजून तरुण आहे. माझी भाची पादऱ्याला शेतावरच्या घरात राहते. माझ्यानंतर त्याला तिच्याकडे पाठवायचं ठरलंय, नोंदणी तिच्या नावे कशी करायची तेही मी वहीत लिहून ठेवलंय. आणायच्या आधी तुमच्याकडे असं कोण आहे, ते त्या माणसाला विचारून ठरवा.