इटालियनमध्ये ‘सपोर्ट’ आणि ‘प्रेफर्ड’ बसवताना: माझा अनुभव

‘सपोर्ट’ या एका शब्दापायी माझं एक अख्खं काम अडून राहिलं होतं. काम कधीच पूर्ण झालं, पण चीड अजून गेलेली नाही. शिवाय इटालियन शिकून भाषांतराची कामं घेणारी आपल्याकडची मुलं मला अधूनमधून विचारत असतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो.

मी इटलीत तोरिनोत राहतो आणि इंग्रजीतून इटालियनमध्ये ॲपची भाषांतरं करतो. मी केलेलं काम एक इटालियन सहकारी तपासते. हे ॲप एका शहराच्या पालिकेसाठी होतं. नागरिकांनी वस्तीसाठी प्रस्ताव मांडायचे, बाकीच्यांनी त्यांना पाठिंबा द्यायचा, पसंतीक्रम लावायचा आणि निवडून आलेल्या कामांना पालिकेने पैसे द्यायचे. लॉगिन, पासवर्ड, नकाशा, फोटो जोडणं वगैरे पडदे झटपट उरकले.

आम्हाला काम आलं ते एका एजन्सीमार्फत, एक्सेलमध्ये. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामा रकाना. त्यात ‘सपोर्ट’ ही ओळ एकदाच होती. शेजारी कसलीही टीप नाही, पडद्याचं चित्र नाही. हा शब्द मदतीच्या पानाचं नाव असेल तर इटालियनमध्ये ‘असिस्तेंत्सा’ हवं. प्रस्तावाखालचं बटण असेल तर ‘सोस्तियेनी’, म्हणजे ‘पाठिंबा दे’. निकालाच्या तक्त्यात विरोधाच्या शेजारचा रकाना असेल तर ‘आ फावोरे’, आणि पलीकडे ‘कोन्त्रो’. तिन्ही इंग्रजीत सपोर्टच, पण इटालियन माणूस यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी कधीच वापरणार नाही.

म्हणून मी क्वेरी शीटमध्ये प्रश्न टाकला: हा शब्द कुठे दिसतो? क्वेरी शीट म्हणजे भाषांतरकाराच्या शंका कंपनीपर्यंत पोचवणारा तक्ता. आम्ही त्यात लिहायचं, एजन्सीने तो पुढे पाठवायचा, कंपनीने उत्तर भरायचं आणि तक्ता त्याच वाटेने परत यायचा. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला थांबावं लागतं. वाट बघून बघून उत्तर आलं: ‘मुळात आहे तसंच भाषांतर करा.’ मी पुन्हा विचारलं, तीन जागांची तीन भाषांतरं समोर ठेवली, कोणती हवी ते सांगा म्हटलं. पुन्हा तेवढीच वाट बघितली आणि उत्तर आलं, ‘सगळीकडे सुप्पोर्तो चालेल, तो शब्द लहान आहे.’

हे वाचून माझी सहकारी उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ परत आली नाही. ‘सुप्पोर्तो’ हा इटालियन शब्द आहेच. ‘सुप्पोर्तो तेक्निको’ म्हणजे तांत्रिक मदत, हे आता सर्रास चालतं. पण टीव्ही भिंतीला लावायचा ब्रॅकेट हासुद्धा सुप्पोर्तो, आणि माहिती साठवायचं माध्यमही सुप्पोर्तो. पाळणाघराच्या प्रस्तावाखाली बटणावर नुसतं ‘सुप्पोर्तो’ लिहिलं तर पेन्शनीतल्या आजोबांना कळणार कसं की इथे दाबायचं आहे? हे ॲप त्यांच्यासाठीच होतं. पालिकेच्या पैशाचं काय करायचं हे लोकांनी ठरवायचं, आणि ते ज्या बटणावर ठरतं तेच संदिग्ध ठेवायचं, हे मला मान्य नव्हतं. मी फाईल पाठवायला नकार दिला. एजन्सीकडून मुदतीची आठवण रोज येऊ लागली. माझ्या प्रश्नांचं उत्तर मात्र येईना.

कोंडी फुटली ती मी मूळ फाईल मागितल्यावर. ॲप गेटटेक्स्ट पद्धतीवर होतं (यात पडद्यावर दिसणारा मजकूर भाषांतरासाठी पीओ नावाच्या फाईलमध्ये वेगळा काढतात), म्हणजे एजन्सीने पीओ फाईलचं एक्सेल करून आम्हाला दिलं होतं आणि त्या नादात सगळ्या संदर्भाच्या ओळी गाळल्या होत्या. पीओ फाईलमध्ये प्रत्येक शब्दाच्या वर तो प्रोग्रॅमच्या कोणत्या फाईलमध्ये, कितव्या ओळीवर आहे याची नोंद असू शकते. इथे ती होती. ‘सपोर्ट’च्या वर तीन नोंदी निघाल्या: मदतीचा मेनू, प्रस्तावाचं पान, निकालाचा तक्ता. मला शंका होती त्याच तीन जागा. त्या क्षणी जो आनंद झाला तो मी लपवणार नाही.

पण अर्धंच काम झालं होतं. गेटटेक्स्टमध्ये इंग्रजी मजकूर हीच ओळख असते. तीन जागी हुबेहूब तोच शब्द असला आणि प्रोग्रॅमरने वेगळा संदर्भ जोडला नसला, की फाईलमध्ये एकच नोंद तयार होते आणि तिला एकच भाषांतर मिळतं. भाषांतरकाराने कितीही डोकं लावलं तरी तिथे तीन शब्द बसत नाहीत. उपाय प्रोग्रॅमरच्या हातात असतो. नेहमीच्या फंक्शनऐवजी ‘पीगेटटेक्स्ट’ वापरायचं आणि सोबत ‘मेनू’, ‘बटण’, ‘निकाल’ असा संदर्भ द्यायचा. मग नोंदी आपोआप वेगळ्या होतात. हे मी क्वेरी शीटमध्ये न लिहिता एका मेलमध्ये, फाईलच्या ओळींसकट, थेट प्रोग्रॅमरपर्यंत पोचेल असं लिहिलं. त्याने लगेच दुरुस्ती करून नवी फाईल पाठवली. माणूस चांगला होता, आमचा प्रश्न त्याच्यापर्यंत कधी गेलाच नव्हता.

याच फेरीत ‘प्रेफर्ड’ही सुटला. इंग्रजीत तो एकच शब्द, इटालियनमध्ये मात्र नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो. प्रस्ताव म्हणजे ‘प्रोपोस्ता’, स्त्रीलिंगी, म्हणून ‘प्रेफेरीता’. प्रकल्प म्हणजे ‘प्रोजेत्तो’, पुल्लिंगी, म्हणून ‘प्रेफेरीतो’. आपल्याला आवडता-आवडती-आवडतं समजावून सांगावं लागत नाही, पण इंग्रजीतच वावरणाऱ्या माणसाला एका विशेषणाला दोन रूपं का लागतात हे पटवावं लागतं. अनेकवचनी ‘प्रेफेरीती’ मात्र जपून वापरा, बऱ्याच ब्राउझरमधल्या बुकमार्कना इटालियनमध्ये तेच नाव आहे. ॲपच्या सेटिंगसाठी ‘इम्पोस्तात्सियोनी’ घ्या. ‘प्रेफेरेंत्से’, म्हणजे इंग्रजीतलं ‘प्रेफरन्सेस’, हेही चुकीचं नाही, पण मतदानाच्या ॲपमध्ये ते टाळावं. इटलीत ‘वोतो दि प्रेफेरेंत्सा’ म्हणजे पक्षाच्या यादीतल्या उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर लिहून दिलेलं मत. 1991च्या सार्वमतात लोकांनी संसदेच्या खालच्या सभागृहासाठी अशी अनेक नावं लिहिण्याची मुभा काढून एकावर आणली. युरोपीय संसदेच्या निवडणुकीत आजही तीनपर्यंत नावं लिहिता येतात. ज्या शब्दाला मतपेटीचा एवढा वास आहे तो फॉन्टचा आकार बदलायच्या पानाला कशाला द्यायचा? पसंतीक्रमाच्या पानावर तो मी आनंदाने वापरला.

आधीच सांगायला हवं होतं ते आता आठवलं: ‘सुप्पोर्तो’ आणि ‘सोप्पोर्तो’ यांत एका स्वराचा फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ ‘मी सहन करतो’. ‘नोन ती सोप्पोर्तो’ म्हणजे ‘तू मला सहन होत नाहीस’. स्पेलचेकर ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. शेवटची फाईल पाठवण्यापूर्वी हा एक शोध हाताने घ्याच.

‘सोस्तेन्यो’ (आधार) हे नाम आम्ही मदतीच्या पानासाठी घेतलं नाही. शाळेत अपंग मुलांसोबत असणाऱ्या शिक्षकाला ‘इन्सेन्यान्ते दि सोस्तेन्यो’ म्हणतात, आणि स्वतःचे व्यवहार सांभाळू न शकणाऱ्या माणसासाठी न्यायाधीश जो मदतनीस नेमतो, 2004च्या कायद्याने आलेला, त्याच्या पदाच्या नावातही हाच शब्द आहे. पासवर्ड विसरलेल्या नागरिकाला तिथे पाठवणं बरं दिसलं नसतं. ‘सोस्तेनेरे’ हे क्रियापद मात्र प्रस्तावाला पाठिंबा देण्यासाठी अगदी चपखल. पाठिंबा देणाऱ्यांच्या संख्येसाठी ‘सोस्तेनितोरी’ हे पुल्लिंगी अनेकवचन टाळून आम्ही ‘पेर्सोने आ फावोरे’ लिहिलं. त्यात बाया-पुरुष सगळे येतात.

काम स्वीकारतानाच तीन गोष्टी लेखी मागा: मूळ फाईल, पडद्यांची चित्रं आणि प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या माणसाचा थेट पत्ता. भाषांतराचा दर शब्दांच्या संख्येवर ठरतो आणि ‘सपोर्ट’ हा हिशोबात एकच शब्द धरला जातो, त्यामुळे शंका विचारण्यात जाणाऱ्या वेळेचा तासाचा दर वेगळा लावा. मी आता लावतो आणि एजन्सी तो देतात.