लाइपझिग: मन मोजायला सुरुवात झाली ते गाव

जर्मनीतल्या लाइपझिगला लोक येतात ते संगीतकार बाखसाठी. मी आले होते विल्हेल्म वुंट यांच्यासाठी. मानसशास्त्र शिकलेल्या कुणालाही १८७९ आणि लाइपझिग ही जोडी विसरता येत नाही, कारण त्या वर्षी वुंट यांनी इथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली.

आउगुस्टुसप्लात्झ चौकात ट्राममधून उतरलं की समोरच विद्यापीठ दिसतं. निळसर काचेची, चर्चसारख्या कमानींची नवी इमारत. वुंट यांची पहिली प्रयोगशाळा याच परिसरात, कोनविक्ट नावाच्या जुन्या इमारतीत होती. ती आता नाही. १८९७ मध्ये संस्थेला प्रशस्त जागा मिळाली, पण तीही डिसेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेली. तरीही मी त्या अंगणात बराच वेळ रेंगाळले. विद्यापीठाने त्यांना सुरुवातीला एक खोली दिली होती, तीसुद्धा उपकरणं ठेवायला! त्या खोलीतून एक शास्त्र उभं राहिलं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

ती उपकरणं कशी होती हे पाहायला पुढे वुर्त्झबुर्गला गेले. तिथल्या विद्यापीठात मानसशास्त्राच्या इतिहासाचं केंद्र आहे, जुन्या यंत्रांचा मोठा संग्रह आहे. हिप क्रोनोस्कोपपासून माझा पाय निघेना. वजनावर चालणारं घड्याळ, त्याला दोन तबकड्या. वरच्या तबकडीचा काटा सेकंदाच्या दहाव्या भागात पूर्ण फेरी मारतो आणि त्या फेरीचे शंभर भाग पाडलेले असतात. म्हणजे एकेक खूण सेकंदाचा हजारावा भाग! आत एक पातळ पट्टी सेकंदाला हजार वेळा थरथरते आणि वेग बांधून ठेवते. आवाज झाला की काटे फिरू लागतात, ऐकणाऱ्याने टेलिग्राफची कळ दाबली की थांबतात. ऐकणं आणि हात हलणं यांच्या मधला काळ काचेखाली उमटतो.

मनाच्या मोजमापाची वाट वेबर आणि फेक्नर या शास्त्रज्ञांनी आधीच पाडली होती, तीही लाइपझिगमध्येच. म्हणून काही जण वुंट यांना प्रायोगिक मानसशास्त्राचे जनक मानत नाहीत. मला मात्र त्यांना जनक मानावंसं वाटतं, कारण त्यांच्यामुळे हे काम एकट्याचं राहिलं नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी आळीपाळीने कधी प्रयोग घेत, कधी स्वतःवर करून घेत. अमेरिकेचे कॅटेल, इंग्लंडचे टिचनर इथे शिकले आणि आपापल्या प्रयोगशाळांत रमले. आपल्याकडेही हा धागा पोचला. १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. तो उभा करणारे नरेंद्रनाथ सेनगुप्त हार्वर्डला म्यून्स्टरबर्ग यांच्याकडे शिकले होते आणि म्यून्स्टरबर्ग थेट वुंट यांचे विद्यार्थी.

पाठ्यपुस्तकं एक गोष्ट बहुतेक सांगतच नाहीत, त्याची मला खंत आहे. घड्याळाने सगळं मन मोजता येतं असं वुंट यांनी कधीच म्हटलं नाही. भाषा, पुराणकथा, रूढी या गोष्टी प्रयोगशाळेत सापडणार नाहीत, त्यासाठी समाजच अभ्यासावा लागेल, असं त्यांचं मत होतं. त्या विषयावर त्यांनी १९०० ते १९२० या काळात दहा खंड लिहिले. विद्यार्थ्यांनी घड्याळ नेलं, खंड मागेच राहिले. मानसशास्त्राच्या वर्गात पहिल्या दिवशी वुंट यांच्या या दोन्ही बाजू एकत्र शिकवायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.