फलटणची गाडी

माझी नात साताऱ्याच्या एसटी स्टँडवर वाचायला शिकली, असं मी कुणाला सांगायला लागलो की सूनबाईंच्या कपाळाला आठी पडते. शाळेची फी त्या भरतात, त्यामुळं त्यांचंही बरोबर आहे. अक्षरं शाळेनंच शिकवली, नाही कोण म्हणतंय? पण त्या अक्षरांचा शब्द झाला तो स्टँडवर, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणून माझा हट्ट.

त्या दिवशी माझी लेक, म्हणजे नातीची आत्या, चार दिवस माहेरपण करून परत निघाली होती. तिला सोडायला आम्ही दोघं गेलो. आत्या जाणार म्हणून पोरीचा चेहरा सकाळपासून फुगलेला. शेंगदाण्याची पुडी दिली, ती संपली. खिडकीची जागा, रसवंती, सगळी आमिषं दाखवून झाली. गाडीचा पत्ता नाही. शेवटी मी म्हटलं, "बरं, त्या गाड्यांवरच्या पाट्या वाच बघू. आत्याची गाडी तूच शोध."

ती तेव्हा पहिलीत होती. मुळाक्षरं झालेली, काना नुकता आलेला. समोर वाईची गाडी उभी होती. "वा... ई." हे लगेच जमलं, दोन तर अक्षरं, आणि तोंडातल्या तोंडात ती आपोआपच एकमेकांना चिकटतात. कराडला जरा अडखळली. मेढ्याच्या पाटीवरचा ढ बघून हसली, कारण वर्गात ढ कुणाला म्हणतात ते तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. महाबळेश्वरची पाटी तिनं नुसती लांबून बघितली आणि सोडून दिली. शहाणी पोर.

मग एक गाडी वळून आत आली. "फ," ती म्हणाली. "ल. ट. ण." चिंचोके मोजावेत तशी चार अक्षरं मोजून झाली. मी विचारलं, "काय झालं मग?" काही झालं नव्हतं. पुन्हा फ, ल, ट, ण. तिसऱ्यांदा जरा भरभर म्हणताना एकदम तिचे डोळे मोठे झाले. "फलटण! आत्या, तुझी गाडी!"

आणि शब्द वाचता आल्याच्या आनंदात एक क्षण गेला न गेला, तोच आपण नेमकं काय वाचलं ते तिच्या लक्षात आलं. तिनं भोकाड पसरलं. कंडक्टरसुद्धा वळून बघायला लागला.

त्या रात्री मला झोप लागेना. फलटण या शब्दाला ना काना ना मात्रा, चार उघडी अक्षरं. पण प्रत्येक अक्षरात अ दडलेला असतो. तो सगळा प्रामाणिकपणे उच्चारला तर 'फऽलऽटऽणऽ' होतं, आणि त्या नावाचं गाव आपल्या जिल्ह्यात नाही. ल मधला आणि ण मधला अ गिळून टाकावा लागतो, तेव्हा कुठं फलटण येतं. हे गिळायचं कुठं आणि ठेवायचं कुठं, याची कसलीही खूण आपल्या लिपीत नाही. ज्यानं तो शब्द शंभरदा कानानं ऐकलाय त्याचीच जीभ ते बरोबर करते. पोरीनं फलटण ऐकलं होतं, कारण तिथं आत्या राहते, आत्याच्या घरी झोपाळा आहे आणि मांजर आहे. पुस्तकातल्या 'मगर'वर मात्र ती आठवडाभर अडली होती. आमच्या पेठेत मगर कुठली? कृष्णाकाठच्या सांगलीकरांची गोष्ट वेगळी, त्यांच्याकडं मगरी नदीतच आहेत. तिथली पोरं हा धडा पहिल्या झटक्यात पार करत असतील.

तेव्हापासून आमची शिकवणी स्टँडवर. पाच रुपयांचे शेंगदाणे एवढीच फी. पाटण झालं, वडूज झालं, दहिवडी झाली. तक्रार एकच आहे, ती नव्या दिव्यांच्या पाट्यांबद्दल. त्यांच्यावरची अक्षरं पळतात. पोरगी 'को'पर्यंत पोचते तोवर रेगाव निघून गेलेलं असतं. जुनी रंगवलेली पाटी कशी, पोराचं वाचून होईस्तोवर जागची हलायची नाही.

घरी आल्यावर खरी लढाई असे. वेलांटीची. मी पन्नासेक वर्षं मराठी वाचतोय, पण पहिली वेलांटी किती अन्यायाची आहे ते मला पोरीनं दाखवलं. 'चिमणी'त आधी दिसते वेलांटी, मग च. म्हणताना मात्र आधी च म्हणायचा आणि मग इ. "मग ती पुढं का उभीय?" मी म्हटलं, तशीच पद्धत आहे. "ती रांगेत घुसलीय आबा," असा तिनं निकाल दिला. दुसरी वेलांटी तिला आवडते, ती नीट आपल्या नंबरावर मागं उभी असते.

रफाराची तऱ्हा याच्या उलटी. 'सूर्य'मधला र म्हणायचा य च्या आधी आणि तो बसलाय य च्या डोक्यावर. त्यात 'दर्या' आणि 'दऱ्या'. एक समुद्र, आणि दुसऱ्या कासच्या वाटेला दिसतात त्या. दोन्हींत तोच र, तोच य, पण एकात तो टोपी घालतो आणि दुसऱ्यात कोयता होतो. आणि च, ज यांचं तर विचारूच नका. 'चार' म्हणजे चार आंबे, 'चारा' म्हणजे म्हशीचा. म्हणून बघा, दोन्हीकडं च वेगळा. लिहिताना एकच. बरेच दिवस आमची म्हैस 'च्यारा' खात होती.

आपण मोठी माणसं हे सगळं इतकं विसरलेलो असतो की पोरगं अडलं की आपला पहिला शब्द असतो, "अगं, काल तर आलं होतं!" मीही म्हणायचो. पहिलीतल्या पोरांनी अस्खलित वाचावं असं वाटणाऱ्या पालकांना एकदा कानडी पाटीसमोर उभं करावं. मिरजेच्या स्टेशनावर ती सोयसुद्धा होईल.

शिकवणी वेगळी आणि गोष्ट वेगळी, हे मी उशिरा शिकलो. एका म्हशीला डबक्यातून बाहेरच यायचं नसतं, अशा गोष्टीचं एक पातळसं चित्रांचं पुस्तक मी आणलं होतं. ते रोज रात्री वाचायचं. रोज. नवीन पुस्तक आणलं तरी आधी म्हैस. "वाचा की ओ आबा," म्हणत मांडीवर येऊन बसायची. तिसऱ्या आठवड्यात मला त्या म्हशीचा जीव नकोसा झाला. एकदा डोळे मिटायला लागले म्हणून मी हळूच दोन ओळी गाळल्या. खाडकन् हात पुस्तकावर. "बगळा राहिला."

तिला सगळं पाठ होतं. एका दुपारी बघतो तर पुस्तक उलटं धरून बाई मोठ्यानं वाचतायत. पानं मात्र बरोबर जागी उलटत होत्या, माझ्यासारखाच खाकरा काढून. मी सूनबाईंना म्हणालो, हे काही वाचन नव्हे, हे पाठांतर. असं म्हणून दोन दिवस ते पुस्तक कपाटावरही ठेवून दिलं. शिक्षकी खाक्या, दुसरं काय. तिसऱ्या दिवशी पुस्तक परत मिळाल्यावर ती पाठ म्हणत होती आणि बोट ओळीवरून फिरत होतं. बोट एका ठिकाणी थांबलं. तोंड पुढं गेलं होतं, बोट मागं राहिलं होतं. तिनं तोंड थांबवलं, बोटाखालचा शब्द बघितला. "ड... ब... क्यात. डबक्यात!" शब्द माहीत होता, तो आता कागदावर सापडला, इतकंच. जोडाक्षर तिला अजून शिकवलेलंही नव्हतं. त्यानंतर मी ते पुस्तक कपाटावर ठेवलं नाही.

माझ्या लहानपणी हे सगळं उलटं होतं. आमच्या आईला अक्षर ओळख नव्हती. ज्या जिल्ह्यात नायगावला 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला, त्याच जिल्ह्यातली ती, पण शाळा तिच्या वाट्याला आली नाही. 1971 च्या नोव्हेंबरात बालभारतीचं 'किशोर' निघालं तेव्हा मी तिसरीत होतो. गुरुजींच्या घरून मिळालेला एक अंक मी चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचायचो आणि आई भाकरी थापता थापता ऐकायची. मी अडलो की ती तवा उतरवायची नाही, पण हात थांबायचा. "पुढं काय झालं?" एवढंच विचारायची. चुकीचं वाचलं तर तिला कुठं कळणार होतं? पण तिला पुढं काय झालं ते हवं असायचं, म्हणून मला ते अक्षर सोडवावंच लागायचं. भाकरी करपायच्या आत. आता ते जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. सूनबाईंनी फोनवर काढून दिले तेव्हा मी चित्रंच बघत बसलो बराच वेळ.

शाळेत मात्र पुस्तकं असायची ती कपाटात, आणि कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडं ते विचारायची छाती नव्हती. मला वाटलं होतं हे आता संपलं असेल. परवा 15 ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन म्हणून एका शाळेत मला बोलावलं होतं. नाव सांगत नाही. सतरंजीवर पुस्तकं ओळीनं मांडलेली, इतकी कोरी की पानं एकमेकांना चिकटलेली. मुलांनी एकेक उचललं, फोटो झाला. एक मुलगा खाली बसून खरंच वाचायला लागला, तर बाई म्हणाल्या, "चला, ठेवा, घडी विस्कटते." पुस्तकाला घडी! फोटोत तो मुलगा खाली बघतोय, बाकी सगळे कॅमेऱ्याकडं.

याचा राग उतरावा म्हणून असेल, पुढच्या रविवारी पोरीला घेऊन मी भिलारला गेलो. पसरणी घाट चढून पाचगणी ओलांडली की स्ट्रॉबेरीचं हे गाव. 4 मे 2017 ला ते 'पुस्तकांचं गाव' झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना आली, पण तिथं पुस्तकं विकायची दुकानं आहेत आणि इथं गावकऱ्यांनी राहती घरं उघडी केली. सुरुवातीला अशी 25 ठिकाणं होती आणि पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं. कुणाच्या पडवीत इतिहास, कुणाच्या माडीवर कविता. बालसाहित्याचं घर वेगळं. जावं, बसावं, वाचावं. पैसे नाहीत, कुलूप नाही.

पोरीनं दारात चप्पल काढली आणि विचारलं, "कुठलं घेऊ?" मी म्हटलं, कुठलंही. हे उत्तर तिला पटेना, कारण आजवर कुणीतरी तिच्या हातात पुस्तक दिलं होतं. चार काढली, तीन ठेवली, त्यातही दोन उलटी. घरातल्या मावशींनी काही म्हटलं नाही. त्या बाहेर वाटाणे सोलत होत्या. मग ती खिडकीखाली जाऊन भिंतीला टेकून बसली.

मी सवयीनं शेजारी जाऊन बसलो, मांडी मोकळी ठेवून. मांडीवर कुणी आलं नाही. वाट बघितली, मोठ्यानं सुरू होईल म्हणून. ओठ हलत होते, आवाज नव्हता. थोड्या वेळानं ओठही हलायचे थांबले. एक पान उलटलं. बाहेर शेंगा मोडल्याचा आवाज येत होता. आणखी एक पान, आणि ती एकटीच खुदकन हसली.

"काय झालं गं?" मी विचारलं. उत्तर नाही. मी जरा पुढं सरकून पुस्तकात डोकावलो. "पुढं काय झालं?"

तिनं पान माझ्या बाजूनं हातानं झाकलं. "थांबा की ओ आबा. अजून मलाच कळायचंय."